रूझन वहिनीच्या खिडकीतलं काढ्याचं मडकं

आमच्या शिथान गावात काढ्याचं मडकं उसनं नेतात, पण परत आणून देत नाहीत. ज्याच्या घरी दुखणं येतं तो मडकं जिथे असेल तिथे जातो, दारात उभा राहून मागतो आणि घेऊन येतो. माणूस बरं झालं की मडकं घासून ठेवायचं आणि गप्प बसायचं. पुढे कुणाला लागेल तो येऊन मागेल. आपणहून ते दुसऱ्याच्या दारात नेणं म्हणजे आपलं दुखणं त्याच्या पदरात टाकणं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी तालुक्याच्या गावची, आणि आमच्याकडे ज्याचं त्याचं मडकं ज्याच्या त्याच्या घरी.

ऐंशी साली लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. लग्नाला तीन महिने होत नाहीत तोच शरदातलं पहिलं गार वारं सुटलं आणि सासूबाई तापाने आडव्या झाल्या. मडकं तेव्हा शेजारी रूझन वहिनीकडे होतं. तिच्या वर्षाच्या लेकीचं, हानयिनचं, पोट बिघडलं होतं, ते नुकतंच बरं झालं होतं. मी गेले, मागितलं. वहिनीने दोन्ही हातांनी उचलून दिलं, वर आल्याचा एक गड्डा दिला. नवव्या दिवशी सासूबाई उठून बसल्या. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, एवढं माझ्या आईने मला शिकवलं होतं. म्हणून मी ते मडकं राखेने घासून लख्ख केलं, त्यात सहा अंडी निवडून ठेवली आणि मोठ्या ऐटीत वहिनीच्या दारात जाऊन उभी राहिले.

वहिनी उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. तिने मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. पण ती उठली, हात पुसले, मडकं घेतलं आणि म्हणाली, "सासू उठली का गं? बरं झालं. ये, बस." मी बसलेसुद्धा! चहा पिऊन, पोरीला खेळवून, मग घरी आले.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "घात केलास गं बये! तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? जा, आत्ताच्या आत्ता जा आणि मागून परत आण. जिने नेलं तिनेच दिवस मावळायच्या आत मागून आणलं तर काही बिघडत नाही."

"मी नाही जायची," मी म्हणाले. "मडक्याने माणसं आजारी पडत असती तर कुंभाराचं घर कधीच ओस पडलं असतं."

"अगं, पाया पडते तुझ्या."

"पडा. मी काय चोरी केलीय? अंडी दिलीत अंडी!"

म्हातारी रडकुंडीला आली तरी मी पाय रोवून बसले. दिवस मावळला. मडकं नेलं ते अजाणतेपणी. पण कळल्यावरही गेले नाही, ती माझी शुद्ध मस्ती होती. आज साठ वर्षांची झाले तरी त्या दिवसाची आठवण आली की मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच हिवाळ्यात वहिनीच्या नवऱ्याला, पेइथांगदादाला, खोकला लागला. दादा डोंगरामागच्या दगडाच्या खाणीत होता. लग्नाआधीपासून सुरुंगाचा धुरळा खात होता, आणि खाणीतले निम्मे लोक तसेच खोकत होते. शहरात नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, ती आता निघायची नाही. हे सगळं मी माझ्या मनाला हजारदा सांगितलंय. खाणीचा दोष, धुळीचा दोष, मडक्याचा काय संबंध? तरी विहिरीवर गेले की बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबायच्या. वहिनी मात्र थांबायची नाही. ती माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, आणि तेच मला जास्त लागायचं.

शहरच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर वहिनी आरोग्यकेंद्रातल्या म्हाताऱ्या लू वैद्यांकडे गेली. मी तिच्याबरोबर गेले होते, पोरीला कडेवर घेऊन. वैद्यांनी दादाची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "धूळ मलाही काढता यायची नाही, पोरी. पण खाणीतली माणसं धुळीने जितकी मरतात त्याहून जास्त ऋतू पालटताना होणाऱ्या सर्दीने मरतात. आधीच छाती अर्धी, त्यात सर्दी उतरली की संपलं. याला सर्दी होऊ देऊ नकोस. जमतील तितकी वर्षं."

वहिनीने तेवढंच धरलं. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, पण वर्षाचे चोवीस सांधे, म्हणजे ऊन कधी फिरतं, दव कधी पांढरं होतं, दहिवर कधी उतरतं, हे तिच्या बोटांवर बसलं. लू वैद्यांनी सांगितलेली पाळंमुळं ती स्वतः डोंगरावर जाऊन खणून आणायची. शेतात काम, घरात पोर, आणि त्यात नवऱ्याच्या श्वासाची राखण.

उन्हाळ्यात काहिलीचे तीन दिवस येतात, दहा-दहा दिवसांच्या अंतराने. ते तिने कधी चुकवले नाहीत. भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, ती दादाला अंगणात बाजेवर पालथा घालायची. पांढरी मोहरी आणि आणखी दोन-तीन मुळं कुटून आल्याच्या रसात मळायची, त्याच्या चपट्या गोळ्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी चिकटवायची. हिवाळ्यातल्या खोकल्याचा बंदोबस्त असा सहा महिने आधी. दादाची पाठ लालबुंद व्हायची, कधी फोड यायचे.

"अगं बाई, पाठ आहे ती, तवा नाही!" दादा ओरडायचा. "अंडं फोडून घाल वर, जेवण तरी होईल."

"गप पडून राहा. थंडीत आठवण काढशील माझी."

"थंडीपर्यंत ठेवलंस तर काढीन की."

यावर वहिनीचा हात जरासा थांबायचा. मग ती पुढची गोळी चिकटवायची, आधीच्यापेक्षा जोरात.

दव पांढरं झालं की नासपती वाफवून द्यायची. त्यानंतरचं थंड दव पडलं की दादाचे पाय मोज्यांत, ते थेट वसंत येऊन जुना होईपर्यंत. हिवाळा लागला की आलं आणि मुळं घालून शिजवलेलं बोकडाचं मटण. वसंतात बाकीचे कोट काढून मिरवायचे, दादा मात्र घामाने निथळत कोटात. "मी मेल्यावर तरी याची बटणं उघडू देशील ना?" असं तो विचारायचा. आणि काढा तर रोजचाच. त्याच मडक्यात.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काढा गाळून झाला की उरलेला चोथा आमच्याकडे रस्त्यावर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली तो तुडवला गेला की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं, अशी समजूत. सगळेच टाकतात, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. वहिनीने एकदाही टाकला नाही. ती चोथा आपल्याच अंगणातल्या तेंदूच्या झाडाखाली पुरायची. मी एकदा म्हणाले, "वहिनी, सगळी गल्ली टाकते, तूही टाक की." तर म्हणाली, "रस्त्याने जाणाऱ्याने माझं काय बिघडवलंय?" मी खाली मान घालून घरात गेले.

हळूहळू ती सगळ्या गल्लीच्याच मागे लागली. रस्त्यात कुणी भेटलं की तिचं पहिलं वाक्य, "जीभ काढ." गावचा सेक्रेटरी असो की मासेवाला, तो उभ्या रस्त्यात जीभ काढायचा. "काल रात्री गार बिअर प्यायलास ना? खोटं बोलू नकोस, जीभ बोलतेय." तरण्या पोरींना म्हणायची, "उघड्या कमरा घेऊन फिरताय, वारा काय तुमचा जावई लागतो लाड करायला?" लोक हसायचे, पण मोजे घालायचे.

आणि माझं तर विचारूच नका. ऋतूचा सांधा आला की वहिनी वाटी घेऊन माझ्या दारात हजर. कधी नासपती, कधी मुगाचं पाणी, कधी कमळाच्या बिया. काहिलीच्या दिवसांत दादाचं झालं की मला पालथी घालायची. "तुझं अंग मुळातच गार. पड." मी पडायचे. पाठ चरचरायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं, ते मोहरीमुळेच असं मी म्हणायचे. तिच्या हातची वाटी घेताना मला वाटायचं हो, तिने एकदा तरी मला शिव्या घालाव्या, एकदा तरी म्हणावं, शूयी, तू माझ्या घरात हे आणलंस. नाही म्हणाली. अडतीस वर्षं नाही म्हणाली. मग मीही मनाची समजूत घातली, की ती असलं काही मानतच नसावी.

दादा एकोणीस वर्षं जगला. त्याच्याबरोबर खोकायला लागलेले सगळे आठ-नऊ वर्षांत गेले होते. शेवटी त्याला आडवं होता यायचं नाही, बसूनच झोपायचा. नव्याण्णव साली दव पांढरं व्हायच्या दोन दिवस आधी, सकाळी काढा पिऊन त्याने वाटी खाली ठेवली आणि गेला. वहिनी रडली नाही. वाटी उचलून तिने आत उरलेला घोट पाहिला आणि म्हणाली, "पूर्ण नाही प्यायलास." तेव्हा मी रडले.

तेराव्या-चौदाव्या दिवशी तिने मडकं घासलं आणि गल्लीकडच्या खिडकीत ठेवलं. कुणी मागावं म्हणून. पण मागणार कोण? तालुक्याचा दवाखाना आता काढा उकळून पिशव्यांतून देतो. ज्यांना घरी करायचा त्यांच्याकडे विजेची भांडी आली. मडकं फोडता येत नाही, फोडलं तर दुखणं घरभर सांडतं म्हणतात. फेकावं तर ज्याच्या पायाखाली येईल त्याच्या माथी. ते खिडकीतच राहिलं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या बरोबर समोर. एकोणीस वर्षं मी भांडी घासताना ते बघत आले, आणि नुसती बघत राहिले.

मागच्या शरदात, थंड दव पडायच्या चार दिवस आधी, मला हानयिनचा फोन आला. हानयिन आता एकोणचाळीस वर्षांची, निंगबो शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. ती रडत होती.

"काकू, मला दिवस गेलेत. पाचवा महिना आहे. डॉक्टर म्हणतात पडून राहा. कारखान्याची खोली हिवाळा लागायच्या आधी सोडायला सांगितलीय, आणि आई म्हणते घरी येऊ नकोस."

"असं कसं म्हणेल? तू नीट ऐकलं नसशील."

"तीनदा विचारलं. तीनदा म्हणाली, येऊ नकोस, कुठेही राहा पण इथे नको. काकू, आधी दोनदा माझं पोट रिकामं झालं, तुम्हाला ठाऊक आहे. आता हे शेवटचंच. मी कुठे जाऊ? माझ्या आईला मी का नको?"

माझं डोकंच फिरलं. तशीच तरातरा वहिनीकडे गेले. ती तेंदूचं फळ सोलत बसली होती. म्हटलं, "वहिनी, म्हातारचळ लागला का तुला? पोटुशी पोर, तिला दार बंद?"

वहिनीने फक्त एकदा खिडकीकडे पाहिलं. अगदी एकदाच. मग पुन्हा फळ सोलायला लागली आणि म्हणाली, "पहिल्या वेळी ती नव्या वर्षाला इथे येऊन आठ दिवस राहिली. परत गेली आणि गमावलं. दुसऱ्या वेळी बापाच्या थडग्याला आली, चार दिवस राहिली. परत गेली आणि गमावलं. आता नाही येऊ द्यायची मी तिला या घरात."

म्हणजे ही मानत होती. पहिल्या दिवसापासून मानत होती. आणि पोरीला खरं कारण सांगितलं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून पोरीच्या नजरेत वाईट व्हायला तयार झाली होती. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. समोर ते मडकं. माझा नवरा नानचांग शहरात मुलाकडे असतो, नातवाची शाळा सांभाळतो. या घरात मी एकटी. जे काही यायचं ते माझ्यावरच आलं असतं, आणि यावंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या दारात उभी राहिले. "वहिनी, मडकं मागायला आले."

तिच्या हातातला झाडू थांबला. "कोण आजारी आहे?"

"मी. खोकला झालाय." आणि मी खोकून दाखवलं.

"जीभ काढ."

मी काढली. तिने माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. मग मनगट धरलं, बराच वेळ. "तुला काही झालेलं नाही. घरी जा."

"अगं, छातीत दुखतंय..."

"शूयी, घरी जा म्हटलं ना! धडधाकट माणसाच्या हातात मी हे द्यायची नाही. मी नाही करायची तसं." ती एवढ्या जोराने बोलली की समोरची कोंबडी उडाली. अडतीस वर्षांत तिने माझ्यावर चढवलेला पहिला आवाज. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पण मीही मीच. म्हटलं, आजारी माणूस हवाय ना? होऊन दाखवते. वहिनीने जन्मभर जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते ते सगळं मी एकेक करून काढलं. विहिरीच्या पाण्याने केस धुतले आणि ओल्या केसांनी उत्तरेच्या वाऱ्यात बसले. थंड दव पडलेल्या सकाळी मोजे काढून गल्लीतल्या दगडावर पाय टेकले. तेंदूची गार फळं रिकाम्या पोटी चार-चार खाल्ली. वहिनी खिडकीतून बघायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. "अगं ए शहरवाले, पाय झाक! लाज नाही वाटत? साठ वर्षांची घोडी!"

"माझे पाय, माझी मर्जी!"

"मरशील!"

"बघू!"

काही होईना. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. साधी शिंक येईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथेच दगडावर बसून रडले. अडतीस वर्षं या बाईने दर सांध्याला मला इतकं निगुतीने सांभाळलं होतं की आता तिच्यासाठी आजारी पडायचं म्हटलं तरी मला आजारी पडता येत नव्हतं.

हानयिनचे फोन येतच होते. खोली सोडायला बारा दिवस उरले, मग नऊ. मी पांघरूण न घेता झोपायला लागले. दहिवर उतरलं त्या सकाळी अंगणात शुभ्र पसरलं होतं. त्यावर मी अनवाणी उभी राहिले, बादलीभर पाणी खांद्यावरून ओतलं आणि तशीच उभी राहिले, दात वाजायचे थांबेपर्यंत. संध्याकाळी घसा धरला. तिसऱ्या दिवशी अंगात ताप फणफणला आणि असा खोकला सुटला की बरगड्या मोडतात की काय वाटलं. मी देवाचे आभार मानले. कुठल्या देवाचे ते विचारू नका.

भिंतीला धरत धरत गेले. वहिनी उंबऱ्यावरच होती, जणू वाट बघत होती. मी जीभ काढली, विचारायच्या आधीच.

तिने पाहिली. कपाळाला हात लावला. मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. तिचे डोळे भरून आले. "गाढवे," ती म्हणाली. "गाढवे, गाढवे."

"आता देशील?"

ती आत गेली नाही. तशीच माझा हात धरून बोलली. "तू अंडी आणलीस त्या दिवशी मी मडकं इथेच ठेवलं होतं, उंबऱ्यावर. म्हटलं, हिची सासू सांगेल, ही येईल. दिवस मावळला. म्हटलं, वेळ गेली तरी हरकत नाही, उद्या येईल. तीन दिवस मी ते आत नेलं नाही, शूयी. तू विहिरीवर जायचीस आणि मी दारात यायचे."



"मी तुला शाप दिले नाहीत असं समजू नकोस. दिले. पुष्कळ दिले. त्याला रक्त पडलं त्या रात्री तर तुझं वाटोळं मागितलं मी. सकाळी उठले आणि माझीच मला भीती वाटली. लागले तर? म्हणून तुझ्या दारात वाटी घेऊन यायचे. दर सांध्याला यायचे. दिलेलं परत घ्यायला."

एवढं बोलून ती आत गेली. मडकं घेऊन आली. वर आल्याचा एक गड्डा ठेवला होता. दोन्ही हातांनी तिने ते माझ्या हातात दिलं, आणि मी दोन्ही हातांनी घेतलं. माझ्या दारापर्यंत वीस पावलं होती. मी दोनदा थांबले. मागे वळून पाहिलं तर वहिनी कानाला फोन लावून उभी होती आणि ओरडत होती, "अगं ये! आजच निघ! कोट घालून निघ, छातीची बटणं लाव!"

हिवाळा लागायच्या आदल्या दिवशी हानयिन आली. वहिनीने तिला अंथरुणावरून हलू दिलं नाही. हानयिनने मला विचारलं, "काकू, तुम्ही आईला काय सांगितलंत?" मी म्हटलं, "काय सांगणार? तिला जीभ दाखवली." नवं वर्ष लागल्यावर सात दिवसांनी मुलगी झाली. वेळेच्या जराशी आधी झाली, पण जिवंत, धडधाकट आणि महाकजाग. तिचा पहिला टाहो मी गल्लीपलीकडून ऐकला आणि चुलीपुढे बसून ढसाढसा रडले. मधेच खोकले.

माझा खोकला काही गेला नाही. ताप गेला, खोकला राहिला. शहरात जाऊन फोटो काढला, डॉक्टर म्हणाले, छाती नाजूक झालीय, या वयात असलं काही करायचं नसतं. वहिनी रोज माझ्याकडे येऊन माझ्या चुलीवर काढा करते आणि माझा खोकला ऐकते. मोजते बहुतेक. चोथा मीही रस्त्यावर टाकत नाही.

परवा बाळाला महिना झाला. लाल रंगवलेली अंडी गल्लीत वाटून झाल्यावर वहिनी माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. एप्रनमध्ये हात गुंडाळलेले, नजर जमिनीकडे.

"शूयी, मडकं मागायला आले."

मी विचारलं, "कोण आजारी आहे?"

"मी. खोकला झालाय." आणि ती खोकली. इतकं खोटं खोकणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी त्या वेळी कशी खोकले असेन ते मला तेव्हा कळलं.

गल्लीपलीकडे बाळ रडत होतं, हानयिन काहीतरी गुणगुणत होती. मी उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले.

"जीभ काढ."

चौसष्ट वर्षांच्या त्या बाईने उभ्या गल्लीत जीभ काढली. मी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. लालसर, ओलसर, निरोगी जीभ. मनगट धरलं, नाडी कुणाला कळते, पण धरून ठेवलं.

"तुला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "घरी जा. पोर रडतेय."

ती वळली आणि गेली. मी मडक्यात पाणी घातलं आणि चुलीवर चढवलं.